दोन प्रतींमधले अंतर

पाठचिकित्सा शिकवताना एक प्रश्न ठरलेला असतो. मूळ पोथीच जर आज कोणापाशी नाही, तर अमुक पाठ जुना आणि तमुक नंतरचा हे कशावरून ठरवायचे? दरवर्षी वर्गातील कोणीतरी तो विचारतो. कधी त्यात कुतूहल असते, कधी कंटाळा. अलीकडे मात्र त्यात एक तिसरीच छटा आम्हांला ऐकू येऊ लागली आहे : हे सगळे शेवटी तुमचे मत झाले, याला ज्ञान कसे म्हणायचे?

या छटेकडे काणाडोळा करणे आम्हांला जमत नाही. आम्ही दोघे वर्धा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्याकडे एम.ए.ला येणारी बहुतेक मुले कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या घरांतली. दोन वर्षे मराठी शिकून नेमके कळते काय, हा प्रश्न त्यांना घरी विचारला जातो, आणि पोथीचे निमित्त मिळाले की तोच प्रश्न वर्गात येतो. काही वर्षांपूर्वी एका अतिशय हुशार विद्यार्थिनीने पहिले सत्र संपल्यावर एम.ए. सोडले. जाताना ती एवढेच म्हणाली, "मॅडम, तिकडं निदान उत्तर बरोबर की चूक ते तरी समजते." तिकडे म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या वर्गाकडे. तिच्या निर्णयाबद्दल आमची तक्रार नाही. पण आपल्या अभ्यासात बरोबर-चूक कळतच नाही, हा समज घेऊन ती गेली, ही गोष्ट आमच्या मनातून गेली नाही.

या लेखाचा विषय तरीही पोथ्या हा नाही. दूरच्या दीर्घिकांमधले चुंबकीय क्षेत्र खगोलशास्त्रज्ञ कसे मोजतात, हा आहे. साहित्याच्या वाचकांसमोर हा विषय मांडण्याचे कारण असे की, मूळ वस्तू हाती नसताना केवळ तिच्या खुणांवरून निश्चित असे काही कसे सांगता येते, याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हांला दुसरे आढळलेले नाही.

प्रथम वस्तुस्थिती. पृथ्वीला चुंबकीय क्षेत्र आहे हे होकायंत्रामुळे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आपल्या भागात त्याची तीव्रता साधारण ०.४ गाउस भरते. आपली आकाशगंगा आणि तिच्यासारख्या इतर दीर्घिका यांच्यातही, ताऱ्यांमधल्या जवळजवळ रित्या वाटणाऱ्या जागेत, चुंबकीय क्षेत्र पसरलेले आहे. पण ते मायक्रोगाउसमध्ये, म्हणजे गाउसच्या दशलक्षांशांमध्ये मोजावे लागते. दहा मायक्रोगाउसचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून चाळीस हजारपट दुबळे. अशा क्षेत्रात होकायंत्राची सुई काय हलणार? शिवाय सुई घेऊन तेथे जाणार कोण? नोव्हेंबरातल्या निरभ्र रात्री पवनारच्या पलीकडे, गावाचे दिवे मागे टाकून उभे राहिले, तर देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनीही पुसट डागासारखी दिसते. मोठ्या दीर्घिकांमधली ही आपल्या सर्वांत जवळची; तरी तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात. तिच्यात काही न्यायचे नाही आणि तिच्यातून काही आणायचेही नाही; जे मोजायचे ते तिच्याकडून आलेल्या प्रकाशातच शोधायचे.

इतके दुबळे क्षेत्र मोजण्याचा खटाटोप तरी कशासाठी? ताऱ्यांमधला वायूही तितकाच विरळ असतो, हे त्याचे उत्तर. त्या विरळ वायूच्या हालचालीत जेवढी ऊर्जा असते, तिच्या तोडीची ऊर्जा या क्षीण क्षेत्रात साठलेली असते. वायूचे ढग कोसळून तारे केव्हा आणि किती होतील, विश्वकिरण दीर्घिकेतून कोणत्या वाटेने भटकतील, यांवर या क्षेत्राचा अंमल चालतो.

आता प्रकाशाचा एक गुण लक्षात घ्यावा लागेल. खुंटीला बांधलेली दोरी हाताने हलवली तर तिच्यात लाट उठते. हात वर-खाली हलवला तर लाट उभी, डावी-उजवीकडे हलवला तर आडवी. दोरी उभ्या गजांच्या खिडकीतून ओवलेली असेल तर उभी लाट पार जाईल, आडवी गजांवर अडेल. प्रकाशाच्या लहरींनाही असा कंपनाचा कल असतो. साध्या दिव्याच्या प्रकाशात सगळे कल सरमिसळ असतात. एखादा कल वरचढ असला की त्या प्रकाशाला ध्रुवित म्हणतात. आपल्या डोळ्यांना हा भेद कळत नाही, उपकरणांना कळतो.

हे आम्हांला आमच्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याने प्रयोगशाळेत दाखवले. पदवीच्या मुलांचा तो नेहमीचा प्रयोग आहे. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश, ध्रुवणमापी नावाचे दुर्बिणीसारखे यंत्र आणि मध्ये साखरेच्या पाण्याने भरलेली काचेची नळी. साखरेच्या पाण्यातून जाताना ध्रुवित प्रकाशाचा कल थोडा वळतो. जितकी साखर अधिक, तितका अधिक. "चाखायचं नाही," तो म्हणाला, "किती वळलं तेवढं मोजायचं. साखर किती ते आपोआप कळतं." आमच्यापैकी एकाने डोळा लावून चकती फिरवली आणि अंश वाचले. नळीतल्या साखरेचा एक कणही दिसत नव्हता, पण आकडा तिचाच होता.

साखरेच्या जागी चुंबक आणून तेच साधता येते, हे १८४५ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवले. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचत शिकलेला हा माणूस. त्यांनी शिसे मिसळलेल्या जड काचेतून ध्रुवित प्रकाश सोडला आणि काचेला विद्युतचुंबक लावला, तेव्हा प्रकाशाचा कल वळला. प्रकाश आणि चुंबकत्व यांचे नाते उघड करणारा तो पहिला प्रयोग. दीर्घिकांमध्ये जड काच नाही, पण मोकळे इलेक्ट्रॉन असलेला विरळ वायू आहे. त्यात चुंबकीय क्षेत्र असेल, तर पलीकडून येणाऱ्या ध्रुवित रेडिओ लहरींचा कल वाटेत वळतो. क्षेत्राचा रोख आपल्याकडे असेल तर एका बाजूला, आपल्यापासून दूर असेल तर उलट बाजूला.

येथे एक अडचण लगेच उभी राहते. लहर निघाली तेव्हा तिचा कल काय होता, हे कोणालाच ठाऊक नाही. मूळ माहीत नसेल तर ते किती वळले हे कसे सांगायचे? वर्गात आम्हांला विचारला जातो तो प्रश्न जवळजवळ याच शब्दांत येथे भेटतो.

उत्तर असे आहे. वळण्याचे प्रमाण लहरीच्या लांबीवर अवलंबून असते, आणि त्याचा नियम साधा आहे : तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वळण वाढते. तेव्हा एकाच उगमाचा प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबींना टिपायचा आणि प्रत्येकीचा कल मांडायचा. एक उदाहरण घेऊ. समजा, वाटेतल्या क्षेत्राने सहा सेंटिमीटरच्या लहरीला सुमारे २१ अंश वळवले. तेच क्षेत्र वीस सेंटिमीटरच्या लहरीला सुमारे २२९ अंश वळवील. मूळ कल दोन्हींचा एकच. म्हणून दोहोंमधला फरक केवळ वाटेने घातलेला. या फरकावरून वळणाचे मान निघते आणि तेथून उलट चालत गेले की मूळ कलही हाती येतो. मूळ आधी कळते आणि मग बदल, असे येथे होत नाही. बदलाचा नियम आधी सापडतो आणि त्याच्या मदतीने मूळ मिळते.

यातही एक फसगत आहे. कंपनाच्या कलाला टोक नसते. उभी रेघ उलटी केली तरी ती उभीच राहते. त्यामुळे २२९ अंश वळलेली लहर ४९ अंश वळल्यासारखीच दिसते. दोनच तरंगलांबी पाहून निष्कर्ष काढला तर अर्ध्या फेऱ्याची चूक राहून जाऊ शकते. तीन, चार, शक्य तितक्या तरंगलांबींना पाहिल्यावर मात्र सगळ्यांशी जुळणारे वळण एकच उरते. आजच्या दुर्बिणी एकाच वेळी शेकडो जवळजवळच्या तरंगलांबी टिपतात, त्याचे एक कारण हे. संहितेचा संपादक दोन पोथ्या जुळल्या म्हणून थांबत नाही, तिसरी मागवतो, ते आठवावे.

पण हा एकच साक्षीदार झाला, आणि त्याची नजर एका दिशेलाच चालते. फॅरडे परिणामाला आपल्या दृष्टिरेषेवरचे क्षेत्र तेवढे कळते. आडवे क्षेत्र त्याच्या हिशेबी नसतेच. शिवाय वाटेत एका भागात क्षेत्र आपल्याकडे आणि दुसऱ्या भागात उलट असले, तर दोन्ही वळणे एकमेकांना खोडतात. म्हणून इतर साक्षीदार बोलवावे लागतात.

दुसरा साक्षीदार दीर्घिकेच्या स्वतःच्या रेडिओ प्रकाशात असतो. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राच्या रेषांभोवती घिरट्या घालतात आणि घालताना रेडिओ लहरी सोडतात. याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. या लहरी मुळातच ध्रुवित असतात आणि त्यांचा कल क्षेत्राला काटकोनात असतो; म्हणजे फॅरडे परिणामाला जे आडवे क्षेत्र दिसत नाही, ते येथे दिसते. जर्मनीतील एफेल्सबर्गच्या १०० मीटर व्यासाच्या दुर्बिणीने याच रीतीने देवयानीतील क्षेत्र दीर्घिकेच्या केंद्राभोवती कड्यासारखे फिरते, हे दाखवले. पवनारहून पाहिलेल्या त्या पुसट डागात लाखभर प्रकाशवर्षांहून लांब परिघाचे चुंबकीय कडे आहे, हे कळल्यावर आम्ही त्याच्याकडे पुन्हा पाहिले. डाग तेवढाच पुसट होता.

याच साक्षीदाराचे काम महाराष्ट्रातही चालते. पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावाजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, ही दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतल्या चौदा मध्यभागी दाटीने, उरलेल्या सोळा तीन बाहूंवर सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात. काही वर्षांपूर्वी विज्ञान दिनाच्या सुमारास आम्ही रात्रीच्या गाडीने पुण्याला आणि तेथून बसने खोडदला गेलो. त्या दिवसांत दुर्बीण लोकांना पाहायला खुली असते. शाळांची पोरे, शेतकरी कुटुंबे, सगळ्यांची रीघ लागलेली. तबकडीजवळ गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की ती तबकडी नाहीच, तारांची जाळी आहे. दोऱ्यांसारख्या ताणलेल्या तारांवर बारीक जाळी बसवलेली. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त करता आला. रेडिओ लहरी हातभर लांबीच्या. बोटभर छिद्र त्यांच्या लेखी नसल्यातच जमा. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी "हे तर मळ्यातलं कुंपण हाय" म्हणून शेरा मारला. स्वरूप यांच्या कल्पकतेचे याहून नेमके वर्णन आम्हांला करता आले नसते.

या जीएमआरटीच्या ३३३ मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर लांबीच्या लहरींच्या निरीक्षणांवरून अरित्र बसु आणि सुभाशिष रॉय यांनी २०१३ साली पाच जवळच्या दीर्घिकांच्या चुंबकीय क्षेत्रांचे नकाशे प्रसिद्ध केले. केंद्रापाशी क्षेत्र २० ते २५ मायक्रोगाउस आणि बाहेरच्या भागात सुमारे १० मायक्रोगाउसपर्यंत उतरत गेलेले, असे त्यांना आढळले. इतक्या लांब लहरींना फॅरडे परिणाम पार भोवंडून टाकतो. वर घेतलेल्या उदाहरणातलेच क्षेत्र ९० सेंटिमीटरच्या लहरीला जवळजवळ तेरा फेरे फिरवील. म्हणून येथे कलाचा नाद सोडून केवळ तेजस्वितेवरून क्षेत्राची तीव्रता काढलेली आहे.

पण तेजस्विता दोन गोष्टींवर अवलंबून असते : क्षेत्र किती तीव्र आणि इलेक्ट्रॉन किती. थोडे इलेक्ट्रॉन तीव्र क्षेत्रात फिरले काय, किंवा पुष्कळ इलेक्ट्रॉन दुबळ्या क्षेत्रात फिरले काय, प्रकाश सारखाच दिसू शकतो. समीकरण एक आणि अज्ञाते दोन. ही कोंडी फोडण्यासाठी एक गृहीतक घेतात : वेगवान कणांची ऊर्जा आणि चुंबकीय क्षेत्राची ऊर्जा सारख्या आहेत असे मानायचे. याला ऊर्जेचे समविभाजन म्हणता येईल. आम्हांला थांबवले ते पुढच्या गोष्टीने. बसु आणि रॉय यांच्या निबंधाच्या शीर्षकातच या समविभाजनाचा उल्लेख आहे. ज्या टेकूवर सगळी इमारत उभी, तो टेकू दारावरच रंगवून ठेवलेला. निबंधात पुढे क्षेत्राची ऊर्जा वायूच्या ऊर्जेशी ताडूनही पाहिली आहे. दीर्घिकांच्या बाहूंमध्ये दोन्ही दुपटीच्या आतबाहेर जुळतात.

तिसरा साक्षीदार धुळीचा. ताऱ्यांमधल्या जागेत धुळीचे सूक्ष्म, लांबट कण असतात आणि चुंबकीय क्षेत्रात ते क्षेत्राला आडवे होऊन फिरतात. त्यांच्यातून गाळून आलेला ताऱ्यांचा प्रकाश किंचित ध्रुवित होतो. हे १९४९ साली जॉन हॉल आणि विल्यम हिल्टनर यांनी नोंदवले. त्यानंतर चार वर्षांनी सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर आणि एन्रिको फर्मी यांनी त्यावरून एक सुंदर अनुमान केले. ताणून बांधलेली तार वाऱ्याने कमी डोलते, सैल तार जास्त. तसे धुळीने दाखवलेल्या रेषा जितक्या सरळ, तितके क्षेत्र बळकट. जितक्या नागमोडी, तितके दुबळे. रेषांच्या डोलण्यावरून त्यांनी आपल्या आकाशगंगेच्या बाहूतील क्षेत्र सुमारे सात मायक्रोगाउस काढले. हे १९५३ साल. आजच्या मोजमापांपासून हा आकडा फार दूर नाही. धुळीच्या स्वतःच्या उष्णतेचा प्रकाशही असाच ध्रुवित असतो. चिलीच्या अटाकामा वाळवंटातील आल्मा दुर्बिणीने तो टिपून २०२३ साली एका अतिदूर दीर्घिकेतील क्षेत्र दाखवले. तिचा प्रकाश निघाला त्याला अकरा अब्ज वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि इतक्या लवकरच्या काळातही तिच्यात सुमारे १६ हजार प्रकाशवर्षे लांबीवर एकसंध रचलेले क्षेत्र होते.

आता ज्या निरीक्षणाने आम्हांला हा लेख लिहायला लावले, त्याकडे येतो. २०१७ साली सुइ अ‍ॅन माओ यांच्या चमूने (त्यात अरित्र बसुही होते) सुमारे पाच अब्ज वर्षांपूर्वीच्या एका दीर्घिकेचे क्षेत्र मोजले. ही दीर्घिका स्वतः इतकी मंद, की तिच्या प्रकाशावरून काही हाती लागणे कठीण. पण तिच्या मागे, आणखी बरेच दूर, एक तेजस्वी क्वेसार आहे. दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने त्याचा प्रकाश वाकतो आणि भिंगातून पाहिल्यासारख्या त्या एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा आपल्याला दिसतात. एका प्रतिमेचा प्रकाश दीर्घिकेच्या एका भागातून आलेला, दुसरीचा दुसऱ्या भागातून. आकाशात त्यांच्यात अंतर जेमतेम दीड विकलेचे. म्हणजे सव्वादोनशे मीटरवरून दिसणाऱ्या पावणेदोन मिलिमीटरच्या खुणेएवढे.

दोन्ही प्रतिमांचा उगम एक, म्हणजे मूळ कल एक. आपल्या आकाशगंगेतून आणि पृथ्वीच्या वातावरणातून येताना दोघींना जवळजवळ सारखाच वळसा मिळालेला, कारण तेथे दोन्ही वाटा एकमेकींना चिकटून आहेत. फरक पडला असेल तर तो त्या मधल्या दीर्घिकेतच. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या व्हीएलए या दुर्बिणीने दोन्ही प्रतिमांची वळणे मोजली आणि ती एकमेकींहून खूपच वेगळी निघाली. एकीतून दुसरी वजा केली. उगमाचे, वाटेचे, घरच्या हवेचे जे जे समान ते गळून पडले आणि उरले ते त्या दीर्घिकेचे. इलेक्ट्रॉनांच्या दाटीचा अंदाज वेगळा घेऊन निष्कर्ष निघाला : काही मायक्रोगाउसचे, मोठ्या पल्ल्यावर सुसंगत असलेले, आजच्या आपल्या शेजारच्या दीर्घिकांसारखेच क्षेत्र.

हे वाचताना आम्हांला लीळाचरित्र आठवले. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो आणि त्यात, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरांच्या लीळा माणसामाणसाकडे जाऊन गोळा केल्या, त्या परंपरेचे हे ठिकाण. पंथाची परंपरा सांगते की, परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली. एकाने आठवले त्याचा एक पाठ, दुसऱ्याने आठवले त्याचा दुसरा. त्या पिढीपाठांच्या पोथ्या पुढे महानुभावांनी सांकेतिक लिपींत जतन केल्या आणि वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकाला १९७८ची आपली आवृत्ती सिद्ध करताना या वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या प्रतींशी झुंजावे लागले. उगम एक, मधली माणसे अनेक, प्रत्येकाने दिलेला वळसा वेगळा, आणि मूळ हरवलेले.

साम्य येथपर्यंत ठीक. पण तुलना जेथे मोडते तेथेच आम्हांला अधिक शिकायला मिळाले. माओ यांच्या चमूला दोन प्रतींतले समान ते टाकून द्यायचे होते, कारण त्यांचे लक्ष मधल्या दीर्घिकेवर होते. संहितेच्या संपादकाला समान ते हवे असते, कारण त्याचे लक्ष उगमावर असते. शिवाय दोन पोथ्यांत एकच चूक सापडली, तर ती चूकच त्यांचे घराणे एक असल्याची खूण ठरते. म्हणजे एकाच सामग्रीवर दोन वेगळे अभ्यास होऊ शकतात : एक मूळ काय होते याचा, दुसरा वाटेतल्या माणसाचा. आपल्याकडे दुसऱ्याची उपेक्षा होते. ओळ गाळणाऱ्या, जुना शब्द न कळल्याने सोपा शब्द घालणाऱ्या लेखनिकाला आपण दोष देऊन मोकळे होतो. प्रत्यक्षात त्याच्या काळाची बोली, त्याची समजूत आणि त्याचा पंथ मोजण्याचे साधन तो स्वतःच असतो.

दुसरा भेद अधिक गंभीर आहे. इलेक्ट्रॉनांना हेतू नसतो. तरंगलांबीच्या वर्गाचा नियम पाच अब्ज वर्षांपूर्वीही तोच होता, असे मानून चालता येते. लेखनिकाला मात्र हेतू असतो, झोप येते, भक्ती अनावर होते. अवघड पाठ जुना आणि सोपा पाठ नंतरचा असे आपण धरून चालतो, पण तो नियम नाही, कल आहे. त्याला अपवाद निघतात. म्हणून आपल्या निष्कर्षांना त्यांच्यासारखी काटेकोर मर्यादा घालता येणार नाही, हे मान्य करावे लागेल. मर्यादा घालताच येत नाही असे मात्र नाही. वि. स. सुखटणकर केंब्रिजला गणित शिकलेले होते, आणि भांडारकर संस्थेतील महाभारताच्या आवृत्तीत त्यांनी काय केले ते पाहावे. संपादनाची तत्त्वे आदिपर्वाच्या प्रस्तावनेत १९३३ साली उघड मांडली. पानावर वर स्वीकारलेली संहिता, खाली नाकारलेले पाठ. निश्चित नाही तेथे शब्दांखाली नागमोडी रेघ. वाचकाला वाटेल तेथे संपादकाचा निर्णय उलटवता यावा, याची सगळी सामग्री त्याच पानावर.

एम.ए. सोडून गेलेल्या त्या मुलीला जे सांगायला हवे होते, ते आता आम्ही वर्गात सांगतो. बरोबर आणि चूक आमच्याकडेही आहे, आणि पलीकडच्या विज्ञानातही ते उत्तरपत्रिकेतल्यासारखे नाही. वीस मायक्रोगाउस हा आकडा समविभाजनाच्या अटीवर उभा आहे. अट ढळली तर आकडा ढळेल, किती ढळेल तेही काढता येते. ज्ञान आणि मत यांतला फरक आम्हांला येथे दिसतो. मत मांडणारा आपली अट लपवतो किंवा त्याला स्वतःलाच ती ठाऊक नसते. ज्ञान सांगणारा अट आधी सांगतो. मराठी समीक्षेची कितीएक पाने या कसोटीवर घासून पाहण्याजोगी आहेत. 'कवीला येथे अमुक अभिप्रेत आहे' हे वाक्य आपण जितक्या सहज लिहितो, तितक्या सहज 'मी अमुक धरून चाललो आहे' हे वाक्य लिहीत नाही. सध्या आमच्या वर्गात पाठभेदांचा तक्ता करताना मुले शेवटी एक रकाना ठेवतात : 'काय धरले आहे'. सुरुवातीला तो रिकामा राहतो. सत्र संपेपर्यंत तो सर्वांत भरगच्च होतो.

खगोलशास्त्रज्ञांचा मोठा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. ही क्षेत्रे आली कोठून? आज सर्वाधिक मान्य असलेले उत्तर असे की, आरंभी अत्यंत सूक्ष्म क्षेत्राचे बीज होते, आणि दीर्घिकेच्या फिरण्याने व तिच्यातील वायूच्या खळबळीने ते ताणले, पिळले, वाढत गेले. सायकलच्या डायनॅमोत गतीची वीज होते, तसे येथे गतीचे चुंबकत्व. या सिद्धान्ताच्या जगभरातील जाणकारांत पुण्याच्या आयुका या संस्थेत दीर्घकाळ काम केलेले कंदस्वामी सुब्रमण्यन् यांचे नाव अग्रभागी आहे. पण पाच अब्ज आणि अकरा अब्ज वर्षांपूर्वीच्या त्या दोन दीर्घिकांनी अडचण वाढवली आहे : क्षेत्र इतक्या लवकर इतके सुसंगत झाले असेल, तर ही वाढ भराभर व्हायला हवी. आणि बीज कोठले, हे तर त्याहूनही मागचे कोडे.

यासाठी अधिक साक्षी लागतील. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या महाकाय दुर्बिणीची उभारणी चालू आहे. भारत त्यात सहभागी आहे आणि देशाच्या वतीने तेथील काम पुण्याची एनसीआरए, म्हणजे जीएमआरटी चालवणारी संस्था, पाहते. दीर्घिकांच्या मागे दडलेले असंख्य ध्रुवित रेडिओ स्रोत टिपणे हे या दुर्बिणीचे एक मोठे उद्दिष्ट आहे. आज जेथे एका दीर्घिकेआड एखादा दिवा मिळतो, तेथे उद्या पुष्कळ मिळतील, आणि प्रत्येकाचा प्रकाश दीर्घिकेच्या वेगळ्या भागातून आलेला असेल. तेवढ्या प्रती मिळाल्यावर आज ज्या अटी गृहीत धराव्या लागतात, त्यांतल्या काही थेट तपासून पाहता येतील.

आमच्या बाजूला प्रतींचा तुटवडा नाही. महानुभावांच्या मठांतून आणि विदर्भातल्या जुन्या घरांतून कापडात गुंडाळलेल्या पोथ्या अजून आहेत. त्या उलगडायला लिपी वाचणारे डोळे आणि ओळीला ओळ लावून बसण्याची चिकाटी हवी. या वर्षी आमच्या चार विद्यार्थ्यांनी सकळ लिपी शिकायला घेतली आहे.